कपाटातला पाम पुन्हा खिशात आणायचाय? आधी हे वाचा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला एक फोटो पाठवतं. टेबलावर करड्या रंगाचं, तळहाताएवढं यंत्र, खाली चार बटणं, शेजारी लिहायची काडी. प्रश्न ठरलेला: ‘बाबांच्या कपाटात सापडलं. चालेल का, की भंगारात देऊ?’

बहुतेक वेळा चालतं. हे यंत्र म्हणजे पाम, खिशात मावणारी डिजिटल डायरी. १९९६च्या मार्चमध्ये पहिला पाम पायलट अमेरिकेत बाजारात आला. तो बनवणारा जेफ हॉकिन्स त्याआधी लाकडाचा ठोकळा खिशात घालून हिंडायचा आणि मीटिंगमध्ये त्यावर काडीने लिहिल्याचं नाटक करायचा. खिशात काय मावतं आणि हातात काय बरं वाटतं, हे त्याला सर्किट बनवण्याआधी कळायला हवं होतं. त्यानंतरची दहा-बारा वर्षं ही यंत्रं जोरात खपली. वायटूकेच्या, म्हणजे २००० सालच्या, आसपास आपल्याकडची जी पोरं अमेरिकेत गेली त्यांच्या बॅगांतून ती पुण्या-मुंबईत, नाशकात आली. २०१०मध्ये पाम कंपनी एचपीने विकत घेतली आणि पुढे सगळं संपलं. यंत्रं मात्र कपाटात तशीच राहिली.

माझ्याकडे आता तीन आहेत. मामाने २००५मध्ये घेतलेला टंगस्टन ई२ रोज वापरतो. जुन्या बाजारात दीडशे रुपयांना मिळालेला एम१०० आहे. आणि एक झायर ३१ आहे, त्याची गोष्ट पुढे येईल. चुका करून शिकलो, तुम्ही त्याच करू नयेत म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. पामला फोन बनवायला जाल तर चार दिवसांत कंटाळून पुन्हा कपाटात टाकाल. ही वही आहे. बटण दाबलं की त्या क्षणी उघडते, मध्येच कुणाचा मेसेज दाखवत नाही, आणि लिहिलेलं नंतर शोधता येतं. फोन फोनचं काम करू दे.

लागणारं सामान

- पाम, त्याची काडी (नसली तर बोथट टोकाची कुठलीही प्लॅस्टिकची काडी)
- त्याच मॉडेलची केबल किंवा क्रेडल (पाम संगणकाला जोडायचा स्टँड), आणि चार्जर
- उलगडलेली यू-पिन (टाचणी नको, टोक आत मोडतं)
- २ जीबी किंवा त्याहून लहान एसडी कार्ड, मॉडेलला खाच असेल तर
- लिनक्स असलेला एखादा संगणक, किंवा विंडोज एक्सपीचं आभासी यंत्र (आपल्या संगणकाच्या आतच चालणारा दुसरा संगणक)
- सवड असलेला एक रविवार

१. चार्जरला हात लावण्याआधी मॉडेल ओळखा

नाव समोर किंवा पाठीवर असतं. ते नीट वाचा, कारण टंगस्टन ई आणि टंगस्टन ई२ यांत फक्त एका आकड्याचा फरक दिसतो, आतून ती दोन वेगळी यंत्रं आहेत.

जुन्या पाममध्ये सगळी माहिती रॅममध्ये असते. बॅटरी पूर्ण संपली की नावं, पत्ते, नोंदी, सगळं जातं. पाम ३, पाम ५, एम१००, एम५०५, टंगस्टन टी, टी३, ई, झायर ३१, झायर ७२ हे सगळे त्या घरातले. २००४च्या शेवटी टंगस्टन टी५ आला आणि माहिती फ्लॅशमध्ये राहू लागली, म्हणजे बॅटरी मेली तरी ती टिकते. ई२, टीएक्स, झी२२, लाइफड्राइव्ह हे या दुसऱ्या घरातले.

म्हणून पहिल्या घरातला पाम वर्षानुवर्षं बंद पडून असेल तर आतली माहिती गेलीच आहे असं समजा, शोधत बसू नका. दुसऱ्या घरातला असेल तर आत काही ना काही बहुधा असणार. चार्ज करा आणि पायरी ४ होईपर्यंत त्यात नवं काही लिहू नका.

माझी झायरची चूक इथली. मित्राच्या वडिलांचा झायर ३१ चालू स्थितीत मिळाला. त्यांनी तो रोज चार्जिंगला लावून जपला होता, आत सोसायटीच्या देखभालखर्चाचे तीन वर्षांचे हिशेब होते. मी ‘बघतो पुढच्या रविवारी’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकला. बॅटरी म्हातारी होती. रविवारी उघडला तर पाम मला भाषा निवडायला सांगत होता. काकांना फोन करून सांगणं फार जड गेलं.

२. जागा करा, पण ‘वरचं बटण’ दाबू नका

चार्जर मूळचा असेल तर उत्तम. नसेल तर जुन्या चार्जरवर किंवा पुस्तिकेत छापलेला व्होल्टेज आणि पिनचा अधिक-उणे जुळवूनच दुसरा घ्या. पिन आत बसतेय म्हणजे चार्जर चालतो असं नाही. तीन-चार तास लावून ठेवा. पहिली दहा-पंधरा मिनिटं पडदा काळाच राहिला तरी घाबरू नका.

तरीही काही हललं नाही तर पाठीवरच्या बारीक भोकात यू-पिनचं टोक हलकेच दाबा. हा साधा रिसेट. यात माहिती जात नाही.

पॉवरचं बटण दाबून धरून तेच भोक दाबलं तर तो हार्ड रिसेट. मग पडद्यावर इंग्रजीत विचारलं जातं की सगळी माहिती पुसायची असेल तर वरचं बटण दाबा, नसेल तर दुसरं कुठलंही. आपल्याला सवय असते समोर आलेल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायची. थांबा, वाचा, आणि दुसरं बटण दाबा.

पाम पासवर्डने कुलूपबंद असेल तर ज्याचा होता त्याला आधी विचारा. मामाला वीस वर्षांनी पासवर्ड आठवला, पहिल्या गाडीचा नंबर होता. आठवलाच नाही तर हार्ड रिसेटशिवाय मार्ग नाही.

३. बॅटरी

पाठ फुगलेली असेल, काच एका बाजूने उचललेली असेल, तर चार्जिंगला लावूच नका. लिथियम बॅटरी फुगली की ती बदलायचीच. दाबून बसवायची नाही, टोचून बघायची नाही.

मूळ बॅटऱ्या आता नव्या मिळत नाहीत, आणि ‘मूळ’ म्हणून मिळतात त्या कारखान्यातून निघून पंधरा वर्षं झालेल्या असतात. मी जुनी बॅटरी काढून तिची लांबी, रुंदी, जाडी मोजली आणि बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तेवढ्याच मापाची ३.७ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी शोधली. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला जा. संरक्षक सर्किट असलेलीच घ्या. जाडी अर्धा मिलिमीटर कमी चालते, जास्त चालत नाही.

बसवायला दिलीत तर समोर उभे राहा. एका दुरुस्तीवाल्याने माझ्या एका पाममध्ये तांबडी-काळी उलटी जोडली. का, तर नव्या बॅटरीच्या प्लगमध्ये तारा आधीच उलट्या होत्या आणि त्याने रंग न बघता प्लग खोचला. क्षणभर करपल्याचा वास आला आणि पाम कायमचा गप्प झाला. मल्टिमीटर लावायला अर्धा मिनिट लागतं.

एम१०० किंवा पाम ३ असेल तर ही कटकट नाही, दोन एएए सेल घातले की झालं. आधी कप्प्यात हिरवट पावडर असेल तर कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सेल बदलताना मात्र नवे हातात तयार ठेवा. जुने काढल्यावर माहिती टिकवायला जेमतेम एक मिनिट मिळतं.

४. संगणकाशी गाठ घालून द्या

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी केबल. झायर ३१, झायर ७२, टंगस्टन ई आणि झी२२ यांना साधी मिनी-यूएसबी चालते, जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची असते ती. एम५०५, टंगस्टन टी, टी३, झायर ७१ यांना ‘युनिव्हर्सल कनेक्टर’ लागतो. ई२, टी५, टीएक्स यांना तिसराच, ‘मल्टिकनेक्टर’. एम१०० आणि पाम ३ सिरियलवाले, त्यांना सिरियल केबल आणि पुढे यूएसबीचं कन्व्हर्टर. जुन्या बाजारात पाम घेताना केबल सोबत असेल तर शंभर-दोनशे जास्त द्या. नंतर नुसती केबल शोधताना त्याहून जास्त जातात.

आता विंडोज. पाम डेस्कटॉप हा पामशी बोलणारा संगणकावरचा प्रोग्राम, त्याचा यूएसबी ड्रायव्हर ३२ बिटांचा आहे. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर पाम डेस्कटॉप बसेल, उघडेल, आणि केबल लावली की ढिम्म. तुम्ही केबल बदलाल, पोर्ट बदलाल, पामला शिव्या द्याल. दोष कुणाचाच नाही, तो ड्रायव्हर ६४ बिटांसाठी लिहिलाच गेला नाही. यातून वाटा तीन. ई२ किंवा टीएक्ससारख्या ब्लूटूथ असलेल्या पामला ब्लूटूथवरून हॉटसिंक (पाम आणि संगणकातली माहिती जुळवणं) करता येतं. नाहीतर व्हर्च्युअलबॉक्स या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ३२ बिटांचं विंडोज एक्सपी बसवून त्यात पाम डेस्कटॉप ४.१.४ चालवा. किंवा लिनक्स.

व्हर्च्युअलबॉक्स घेतलात तर एक खोच लक्षात ठेवा. नुसती केबल लावल्याने पाम संगणकाला दिसत नाही. हॉटसिंकचं बटण दाबल्यावरच तो ‘मी आलो’ म्हणतो, आणि उत्तर आलं नाही की थोड्या वेळात निघून जातो. म्हणून आधी एकदा बटण दाबून पाम यादीत दिसू द्या, त्याचा यूएसबी फिल्टर कायमचा नोंदवा, मग परत बटण दाबा.

मी लिनक्सवर जे-पायलट हा प्रोग्राम वापरतो आणि तेच सुचवेन. त्याच्या पोटात पायलट-लिंक नावाची जुनी, पण भक्कम साधनं असतात. इथे भांडण होतं ते दोन मार्गांचं. कर्नलमधलं (लिनक्सच्या गाभ्यातलं) ‘व्हायझर’ मॉड्यूल पामला सिरियल पोर्टसारखं दाखवतं. पायलट-लिंक मात्र थेट यूएसबीवरून बोलू पाहतं. दोघंही एकाच वेळी धावले की कुणालाच पाम मिळत नाही. व्हायझर बंद करून जे-पायलटच्या सेटिंगमध्ये पोर्टच्या जागी ‘यूएसबी’ लिहा आणि पुढे कोलन द्या. त्या कोलनपायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. नव्या लॅपटॉपच्या वेगवान पोर्टवर नाटकं झाली तर मध्ये एखादा जुना यूएसबी २ हब घालून बघा, माझ्याकडे त्यानेच भागलं.

५. पहिला हॉटसिंक: दिशा तपासा

हॉटसिंक दोन्हीकडून चालतो. रिकामा संगणक आणि भरलेला पाम यांची गाठ घालताना पाम डेस्कटॉपच्या हॉटसिंक मॅनेजरमध्ये ‘कस्टम’ उघडा आणि प्रत्येक ओळीला ‘हँडहेल्ड ओव्हरराइट्स डेस्कटॉप’ निवडा. उलटी ओळ निवडलीत तर रिकाम्या संगणकाने भरलेला पाम पुसला जाईल, आणि तो आज्ञाधारकपणे पुसेल. एकदा सगळं नीट उतरलं की मग ‘सिंक्रोनाइझ’वर आणा.

पामचं वापरकर्त्याचं नाव बदलू नका. वाटतं की मामाचं नाव काढून आपलं टाकावं. पण त्या काळी विकत घेतलेल्या बऱ्याच प्रोग्रामांचे नोंदणी क्रमांक त्या नावावरूनच बनवलेले असायचे. नाव बदललं की प्रोग्राम पुन्हा पैसे मागू लागतो, आणि ते घ्यायला आता कुणी उरलेलं नाही. दोन पाम असतील तर दोघांची नावं वेगळीच हवीत, नाहीतर एकाची माहिती दुसऱ्यात घुसते.

उतरलेल्या माहितीतून पत्ते व्हीकार्ड म्हणून, कॅलेंडर आयकॅलेंडर म्हणून आणि मेमो साध्या मजकुरात काढा. जे-पायलट हे तिन्ही देतो. कॅलेंडरची फाइल गूगल कॅलेंडरमध्ये टाकायची तर संगणकाच्या ब्राउझरमधून टाका, फोनच्या ॲपमध्ये ती सोय नाही.

मामाच्या ई२मधून निघालेला पहिला मेमो ‘इंडिया लिस्ट’ नावाचा होता. कुकरची रिंग, गोडा मसाला दोन किलो, आईसाठी गुडघ्याचा पट्टा, आणि चकलीचा सोऱ्या. ‘सोऱ्या’ हा शब्द त्याने रोमनमध्ये तीनदा वेगवेगळा लिहिला होता. मी तो मेमो जसाच्या तसा त्याला पाठवला. उत्तर आलं, ‘सोऱ्या अजून आहे.’

६. कार्ड आणि बॅकअप

दुकानात आज ३२ किंवा ६४ जीबीचं कार्ड मिळतं. ते पाममध्ये बसतं, पण वाचलं जात नाही, कारण २ जीबीच्या वरची बहुतेक कार्डं वेगळ्या जातीची आहेत. दिमित्री ग्रिनबर्ग या प्रोग्रामरने काही मॉडेलांसाठी मोठ्या कार्डांचा ड्रायव्हर लिहिला आहे, पण नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये. जुन्या कीपॅडच्या फोनमध्ये १ किंवा २ जीबीचं मायक्रोएसडी असतं, ते अडॅप्टरमध्ये घालून वापरा. पामच्या मानाने १ जीबी म्हणजे गोदाम आहे. कार्ड पाममध्येच फॉरमॅट करा.

मग एनव्हीबॅकअप टाका. मोफत आहे. तो लिहिणारे अलेक्झांडर प्रुस तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. रात्री ठरलेल्या वेळी सगळी माहिती कार्डावर जाते. पहिल्या घरातल्या, रॅमवाल्या पामसाठी हे करणं सक्तीचंच समजा. झायरमध्ये त्या आठवड्यात हे कार्ड असतं तर मला काकांना तो फोन करावा लागला नसता.

७. फोनमधली नावं पाममध्ये, आणि देवनागरीची अडचण

अँड्रॉइड फोनवरून एक-एक संपर्क ब्लूटूथने ई२कडे पाठवता येतो. जोडणी करताना चार आकडी पिन दोन्हीकडे सारखा टाका. आयफोनवरून ही वाट बंद आहे, तिथे संगणकातून जा.

खरी अडचण लिपीची. पामला युनिकोड कळत नाही, देवनागरी तर नाहीच. माझ्या फोनमध्ये ‘आई’, ‘दूधवाले’, ‘सुनंदामावशी’ अशी नावं होती. पाममध्ये पोचली तेव्हा तिघांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग. त्यात आई कोणती आणि दूधवाले कोणते, हे फोन नंबरावरून ओळखावं लागलं. म्हणून नावं आधी रोमनमध्ये करून घ्या, सगळी नकोत. चाळीस-पन्नास पुरतात.

मराठी वाचायचंच असेल तर ते चित्र म्हणून न्या. ई२चा पडदा ३२० बाय ३२० ठिपक्यांचा आहे. आरती, पाककृती, एसटीचं वेळापत्रक, जे हवं त्याचं पान मोठ्या अक्षरात घ्या, ३२० ठिपके रुंदीची जेपेग करा आणि कार्डावर डीसीआयएम फोल्डरमध्ये ठेवा. माझ्याकडे गणपतीच्या आरत्या अशा आहेत. दहा दिवस फोन बाजूला ठेवून हातात पाम धरतो, आणि घालीन लोटांगणपर्यंत कुणाचा कॉल मध्ये येत नाही. इंग्रजी पुस्तकं मात्र कॅलिबर या मोफत प्रोग्राममधून पीडीबी (पामला वाचता येणारी फाइल) करून छान वाचता येतात.

८. हात बसवा

ग्राफिटी, म्हणजे पामवर काडीने लिहायची खास अक्षरं, शिकायला दोन दिवस लागतात. डावीकडे अक्षरं, उजवीकडे आकडे. जुन्या पद्धतीत ‘ए’ म्हणजे नुसतं उलटं ‘व्ही’, काडी न उचलता. झेरॉक्सने १९९७मध्ये पेटंटचा दावा केला, त्यानंतर २००३पासून ग्राफिटी २ आली आणि त्यात ‘टी’सारखी काही अक्षरं दोन फटकाऱ्यांत लिहावी लागतात. दोन्ही पाम वापरलेत तर हात गोंधळतो. मी एम१००वर अजून ‘टी’ चुकतो.

काडी एकीकडे टेकवली आणि खूण दुसरीकडे उठली तर सेटिंगमधून पडद्याचं कॅलिब्रेशन करा. तरी सुधारलं नाही तर जुन्या पोस्टकार्डाची पट्टी काचेच्या आणि चौकटीच्या फटीत घालून चारी बाजूंनी हळू फिरवा. आत अडकलेल्या धुळीने पडद्याला सतत बोट लागल्यासारखं वाटत असतं. पुण्याच्या रस्त्यांवर खिशात फिरलेल्या पाममधून किती निघते ते बघाच. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

९. काय करू नका

टीएक्समध्ये वायफाय आहे. ते आहे असं विसरून जा. ते जुन्या ८०२.११बी जातीचं आहे, आणि जोडलं गेलं तरी आजच्या संकेतस्थळांची सुरक्षित जोडणी त्यातल्या ब्राउझरला कळत नाही. पामसाठी घरच्या राउटरची सुरक्षा खाली आणणं तर अजिबात नको. बँकेचे पासवर्ड त्यात ठेवू नका, ‘प्रायव्हेट’ची खूण म्हणजे पडदा आहे, तिजोरी नाही.

प्रोग्राम शोधताना दिसेल ते टाकत सुटू नका. २०२२मध्ये इंटरनेट आर्काइव्हने पामचे शेकडो प्रोग्राम ब्राउझरमध्येच चालतील असे मांडले आहेत. तिथे खेळून बघा, आवडला तरच खऱ्या पाममध्ये न्या. पाम घ्यायचा की नाही हे ठरत नसेल तरी आधी तिथेच दोन दिवस काढा.

१०. रोजचा क्रम

माझा असा आहे. बाजाराची यादी, वीजमीटरचं रीडिंग, मीटिंगमधली टिपणं, पुस्तकांची यादी पाममध्ये. फोन, नकाशा, पैसे फोनमध्ये. मेमोला वर्ग पंधराच करता येतात, मी पाचच ठेवलेत. रविवारी चहाबरोबर हॉटसिंक, महिन्याच्या पहिल्या रविवारी कार्डावरचा बॅकअप संगणकावर.

पामचं कॅलेंडर ३१ डिसेंबर २०३१पर्यंतच आहे. वर्षाला सातच बिट दिलेत आणि मोजणी १९०४पासून, त्यामुळे १२८ वर्षं झाली की जागा संपते. गेल्या महिन्यात त्यात भाचीच्या पासपोर्टची मुदत टाकायला गेलो. २०३३. तेवढी एक नोंद फोनमध्ये केली.